एमएसडब्ल्यू करायचंय, पण फिल्डवर्क आमच्याच गल्लीत आलं तर?

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार. मी सोलापूरची, तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातली. बीकॉम होऊन दोन वर्षं झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात बिलिंगला आहे, टॅली आणि जीएसटी बघते. आई घरी विड्या वळते, आजीही वळायची.

गेल्या वर्षी आजीला दवाखान्यात ठेवलं होतं. तिथं एक मॅडम रोज वॉर्डात यायच्या. डॉक्टर नाही, नर्स नाही, गळ्यात फक्त आयकार्ड. योजनेचा कागद कुठल्या खिडकीवरून कुठल्या खिडकीवर न्यायचा ते त्यांनी मला पाठीमागच्या कोऱ्या पानावर चित्र काढून दाखवलं. आजी गेली, पण तो कागद अजून माझ्याकडे आहे. नंतर कळलं, त्या एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची मास्टर्स पदवी झालेल्या. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

बीकॉमवर प्रवेश मिळतो का? नोकरी सांभाळून जमेल का?

आणि खरा प्रश्न वेगळाच आहे. मध्यंतरी कॉलेजची मुलं सर्व्हेचे फॉर्म घेऊन आमच्या गल्लीत आली होती. आईनं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, घरात कमावतं कोणी नाही. मी आतल्या खोलीत, आदल्याच दिवशी पगार झालेला. उद्या तोच फॉर्म घेऊन मी कुणाच्या दारात उभी राहिले तर?

बार्शीलाइट

आधी सोप्या प्रश्नांची उत्तरं. कुठल्याही शाखेची पदवी चालते. बीएसडब्ल्यू करून आलेल्यांना पहिलं सेमिस्टर जरा हलकं जातं, इतकंच. दोन वर्षं, चार सेमिस्टर. सोलापुरात वालचंद कला-शास्त्र महाविद्यालयात समाजकार्य विभाग आहे. तासाभरावर तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूटचं कॅम्पस आहे, पण तिथं सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिचे फॉर्म बऱ्याच आधी निघतात. जातीचा, उत्पन्नाचा आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअरचा दाखला आत्ताच काढून ठेव. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना सगळी पोरं एकदमच सेतूत धावतात.

नोकरी सांभाळून जमत नाही. आठवड्यातले साधारण दोन दिवस फिल्डवर्क, तेही संस्थेच्या कामाच्या वेळेत, आणि उरलेले दिवस तास. संध्याकाळी कुणाचं अकाउंट लिहून देता येईल. टॅली येतं ते विसरू नकोस हां, छोट्या संस्थेत अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले त्याचा कागद) तयार करून देणारी कार्यकर्ती मिळाली की तिला सोडत नाहीत.

आता गल्लीचं. मी बार्शीची, २००९ ते ११ या बॅचची. पहिल्या सेमिस्टरला आम्हाला तुमच्याच पूर्व भागात टाकलं होतं. मला तेलुगूचा ओ की ठो येत नव्हता. हातात फॉर्म, सोबत दुभाषी म्हणून सातवीतलं एक पोरगं. फॉर्मवर रकाना होता 'व्यवसाय'. बाया म्हणायच्या, काही नाही, घरीच असते. पोरगं सांगायचं, मी लिहायचे: गृहिणी. असे अकरा फॉर्म भरले आणि अक्षर चांगलं आलंय म्हणून खुशीत होते.

आमच्या सुपरवायझर मॅडमनी आयसीत (तासभर समोर बसवून तुझा रिपोर्ट सोलतात त्याला इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स म्हणतात) फॉर्म चाळले आणि एकच विचारलं, "बाई बोलत होती तेव्हा तिचे हात काय करत होते?"

मग आठवलं. मांडीवर सूप. एका कोपऱ्यात तंबाखू, एका बाजूला कापलेल्या पानांची चवड. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोऱ्याचा वेढा, तोंड दुमडायचं, की पुढचं पान. माझ्याशी बोलताना बाईनं खाली पाहिलंसुद्धा नव्हतं. भाषा कळत नव्हती म्हणून पाऊण तास मी त्या हातांकडेच बघत बसले होते, आणि फॉर्मवर लिहिलं गृहिणी!

परत गेले. या वेळी विचारलं, "अक्का, हजार विड्यांना किती वेळ लागतो?" मग बाया बोलायला लागल्या. रात्री पानं भिजवण्यापासून ते सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळं. माझं पोरगं थकलं तर्जुमा करून.

तुझं उलट होईल, याची मला जास्त काळजी आहे. तुला तेलुगू येतं, सूप घरात आहे. तुला सगळं माहीत असेल, म्हणून तू विचारणारच नाहीस. आणि विचारलंस तर शेजारच्या सुनेनं सांगितलेलं रात्री जेवताना आईला सांगायचं नाही. वर्गात याला गोपनीयता म्हणतात, अर्ध्या तासात शिकवून होते. घरात पाळायची म्हणजे जीव जातो. पहिल्या सेमिस्टरला स्वतःची गल्ली नको म्हणून स्पष्ट सांग. सुपरवायझर शहाण्या असतील तर ऐकतील.

दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशनला मी मेडिकल-सायकियाट्रिक घेतलं. एका ट्रस्टच्या रुग्णालयात सीमेपलीकडून, इंडी तालुक्यातून आलेला एक पेशंट होता. बायको जिन्याखाली बसून रडत होती. मी पर्समधले ५०० रुपये तिच्या हातात ठेवले. रिपोर्टमध्ये ते लिहिलंही, जरा अभिमानानंच. मॅडमनी तिथं शेरा मारला नाही, फक्त म्हणाल्या, "धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत असतात. तू चौकशी केलीस?" मला ते माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बाई मला शोधत आली, आणखी ५०० साठी. खिडकी कुठली हे मी तिला सांगू शकले नव्हते, तुझ्या त्या मॅडमनी तुला चित्र काढून दिलं तसं.

प्रवेशाला वेळ आहे तोवर एक कर. एसटी स्टँडवर किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेबाहेर वीस मिनिटं बस आणि जे दिसलं तेवढंच लिही. "आजोबा दुःखी होते" असं नाही. आजोबांनी पिशवीतून तोच कागद तीनदा काढला आणि तीनदा घडी घालून ठेवला, असं. पंधरा दिवस लिहिलंस तरी पहिल्या सेमिस्टरचा रिपोर्ट तुला जड जाणार नाही. आणि सेटलमेंट भागात (इंग्रजांनी काही जमातींना गुन्हेगार ठरवून कुंपणात ठेवलं ती वसाहत) प्लेसमेंट आलं तर जाण्याआधी १८७१ पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा काय होता ते वाचून जा. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी तारेच्या कुंपणाच्या गोष्टी अजून सांगतात, आणि आपण मात्र "तुम्ही इथं कधी राहायला आलात?" असं विचारून मोकळे होतो.

चिंचोली_शिफ्ट

वरच्या ताईंनी लई गोड लिहिलंय. पैशाचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो.

मीही एमएसडब्ल्यू, पण लेबर वेल्फेअर आणि एचआरकडचा. पहिली नोकरी एका प्रोजेक्टवर, अकरा महिन्यांचा करार, ८,५०० पगार, त्यातला पहिला तीन महिन्यांनी हातात आला. प्रोजेक्ट संपला की ऑफिसच्या खुर्च्यासुद्धा परत नेल्या. सरकारी बाजूलाही, बाल संरक्षण कक्ष म्हणा की समुपदेशक म्हणा, बहुतेक जागा कंत्राटी. कायमच्या जागा आहेत, परिविक्षा अधिकारी, मेडिकल कॉलेजांत समाजसेवा अधीक्षक, पण जाहिरात निघेपर्यंत केस पिकतात.

मी कारखान्याकडे वळलो. तेव्हा फॅक्टरीज ॲक्ट, १९४८ लागू होता, कलम ४९: पाचशे किंवा जास्त कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर नेमावाच लागायचा. आता कुणी म्हणेल हा मालकाचा माणूस झाला. म्हणू दे. कँटीनच्या भातात खडे निघाले तर मॅनेजरच्या टेबलावर ताट नेऊन ठेवणारा मीच असतो.

तुला कारखान्यातलं बिलिंग येतं, तर हे स्पेशलायझेशन डोक्यात ठेव. आणि घरात दोन वर्षं तुझ्या पगाराशिवाय चालेल का, ते आईबरोबर कागदावर मांड. हा फॉर्म मात्र खरा भर.

शेंगाचटणी

दोनच गोष्टी. चप्पल चांगली घे, सोलापूरच्या एप्रिलात वस्तीत फिरताना तळव्याला डांबर लागतं. आणि ग्रामीण शिबिरात स्वयंपाकाच्या टीममध्ये नाव दे. गावातल्या बाया चुलीपाशी जे बोलतात ते सभामंडपात कधी बोलत नाहीत.

(चिंचोली, खुर्च्यांचं खरंय बे. आमच्याकडं तर पंखापण नेला.)

पूर्वभाग_सोलापूर

सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला विचारलं, त्या मुलांना खोटं का सांगितलंस. आई सूप बाजूला न ठेवताच म्हणाली, पोरगी कारखान्यात नोकरीला आहे म्हटलं आणि ते रेशनवाल्यापर्यंत गेलं तर कार्ड जाईल, मग तांदूळ तू आणणार का? म्हणजे ती माझ्याच पगाराबद्दल खोटं बोलली होती, आणि मी इतके दिवस त्या मुलांसमोर आपली लाज गेली म्हणून धुमसत होते.

मी म्हटलं, ते रेशनचे नव्हते, कॉलेजचे होते. तर म्हणे, त्यांनी तसं कुठं सांगितलं? आले, बसले, पहिलाच प्रश्न घरात कमावतं कोण.

मग हिशेब मांडला. माझा पगार गेला तर आईच्या विड्या आणि भावाचं पार्टटाइम. पहिलं वर्ष निघेल, दुसऱ्याचं बघू. मालकाला अजून सांगितलेलं नाही. दाखल्यांसाठी शनिवारी सेतूत जाते.

आईला विचारलं, मी फॉर्म घेऊन गेले तर पहिला प्रश्न कुठला विचारू? तिनं क्षणभर दोरा दातात धरला आणि म्हणाली, "आज छाट किती निघाली, ते विचार." छाट म्हणजे ब्रँचवाला खराब म्हणून बाजूला काढतो त्या विड्या, त्यांचे पैसे मिळत नाहीत. बाई त्यावर तासभर बोलेल म्हणते.

बार्शीलाइट ताई, तुमच्या फॉर्मवर हा प्रश्न होता का?

बार्शीलाइट

नव्हता. दोन्ही वेळा नव्हता. आईंना नमस्कार सांग.