श्रावणात सुकटीचा वास आणि पंचवीस मिनिटांचे साडेचारशे

डोंबिवलीकरीण:
परवा सकाळी बाथरूमच्या बाजूने सुकट भाजल्यासारखा वास यायला लागला. मनात म्हटलं, ऐन श्रावणात सुकट कोण भाजतंय? शेजारच्या वहिनींना विचारायला निघालेच होते. तेवढ्यात हे आंघोळीला गेले आणि तसेच बाहेर आले, गीझर बंद. सॉकेटची एक बाजू तपकिरी होऊन वितळली होती. वास तिथलाच.

इलेक्ट्रिशियन आला. मेन बंद केला, सॉकेट काढलं, वायरीचं काळवंडलेलं टोक छाटलं, नवीन १६ अँपिअरचं सॉकेट बसवलं. पंचवीस मिनिटं. सामानाचे २०० आणि मजुरी ४५०. हे तेव्हापासून धुमसतायत, "पंचवीस मिनिटांचे साडेचारशे!" जाताना तो म्हणाला, गीझरची वायर बारीक आहे, बदलून घ्या, सामानासकट ३८०० होतील. इमारत १९९४ ची, वायरिंग तेव्हाचंच. साडेचारशे जास्त झाले का? आणि ३८०० खरंच लागतात, की घाबरवतोय?

तिसरा_मजला:
ठाण्यात आमच्याकडे नुसतं येऊन बघायचे २०० घेतात. त्या हिशेबाने ४५० ठीक. पण ताई, पैसे फोनवरच विचारायचे. काम झाल्यावर घासाघीस केली तर पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत, स्वानुभव.
मला वेगळाच प्रश्न पडलाय. सॉकेट वितळेपर्यंत एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) का पडला नाही?

टेस्टरवाला:
मी याच धंद्यात आहे, आयटीआय केलेला.

आधी एमसीबीचं. सॉकेटमधला स्क्रू सैल झाला की करंट वाढत नाही, त्या सांध्याशी उष्णता वाढते. एमसीबीला फक्त करंट कळतो, सांधा तापलेला कळत नाही. सुकटीचा वास त्या तापलेल्या प्लास्टिकचाच, आम्ही वासावरून सॉकेट शोधतो.

आता ३८००. ताई, गीझरच्या एमसीबीवर सी च्या पुढे आकडा काय आहे ते बघून सांगा. आणि गीझर किती वॅटचा?

काकांना सांगा, दिवसाला चार-पाच घरं होतात. मधला वेळ गाडीवर आणि दुकानात जातो, त्याचे पैसे कोणी देत नाही. साडेचारशेत पेट्रोलही आलं.

डोंबिवलीकरीण:
सी ३२ लिहिलंय. गीझर २००० वॅट. (काका काही पटवून घेत नाहीयेत.)

टेस्टरवाला:
मग तो घाबरवत नाही. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर. जुन्या घरांत बहुतेक दीडची (दीड चौरस मिलीमीटर जाडीची) वायर निघते, ती एवढा करंट झेलते. पण एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो, गीझरच्या नाही. ३२ अँपिअरचा पडायच्या आधी दीडची वायर भिंतीत जळेल. उद्याच्या उद्या तिथे १० चा टाकून घ्या, थोडक्यात काम आहे. मग सवडीने चारची वायर ओढा आणि १६ चा टाका. पुढेमागे ३००० वॅटचा गीझर घेतलात तरी तेरा अँपिअरच होतात.

जुन्या पाइपातून वायर सरकली तर भिंत फोडावी लागत नाही. हे त्याला आधी विचारा, सगळा खर्च तिथेच फिरतो.

रंकाळ्याकाठी:
वायर तुम्हीच आणा ओ. सुटी मीटरवर मिळते, अख्खं ९० मीटरचं बंडल घ्यायला लावतील, घेऊ नका. आयएसआय छाप बघून पक्कं बिल घ्या. त्याला नुसती मजुरी. आमच्याकडं कोल्हापुरात एवढ्याला हजाराच्या आत करतात, पण तुमच्याकडं महागच.

डोंबिवलीकरीण:
झालं एकदाचं. तोच मुलगा आला, मजुरी १३०० ठरवली. चारची वायर लाल-काळी मिळून २४ मीटर, अर्थिंगला हिरवी अडीचची १२ मीटर आणि १६ चा एमसीबी, सगळं २११०. म्हणजे ३४१०. रिक्षाचे ६० धरले तर ३३० वाचले, आणि वर दुकानात पाऊण तास उभी.

पाइप मोकळा होता, भिंत फोडावी लागली नाही. जुनी वायर दीडचीच निघाली. ओढताना मधे एक सांधा आला, वर काळी टेप गुंडाळलेली, चिकट झालेली. तीस वर्षं ती भिंतीत होती आणि आम्ही त्याच भिंतीवर दर दिवाळीला रंग देत होतो. तो मुलगा म्हणाला, पाइपात सांधा ठेवायचाच नसतो.

तो तुकडा यांनी टीव्हीजवळ ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. १३०० बिनबोभाट दिले. साडेचारशेचा विषय मात्र काल जेवताना परत निघाला.