मदत हवी आहे: काचेला चिकटलेला वर्गाचा फोटो

आमची शाळा छोट्या गावातली, पहिलीपासून शेवटपर्यंत एकच तुकडी. आता निरोपाआधी सगळे मिळून आठवणींची पुस्तिका करतोय. पहिलीतला सगळ्या वर्गाचा एकच फोटो आहे, 6 × 4 इंचांचा, आणि तो ओल लागून फ्रेमच्या काचेला चिकटलाय. मूळ फाइल कुणाकडेच नाही, सगळ्यांना विचारून झालं.

मागचा पुठ्ठा काढलाय. एक कोपरा हलकेच उचलून पाहिला तर रंगाचा थर काचेवरच राहायला लागला, तिथेच थांबलो. त्याच कोपऱ्यात आमची एक मैत्रीण आहे, जी पुढे शाळा सोडून गेली. तिचा दुसरा फोटोच नाही, म्हणून जीव अडकलाय.

काचेसकट 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केलं, पण स्कॅनर सीआयएस प्रकारचा, म्हणजे त्याच्या काचेला अगदी टेकलेलंच स्पष्ट टिपणारा, त्यामुळे चेहरे पुसट येतात. मोबाइलने काढला तर खिडकीचं प्रतिबिंब पडतं. पुस्तिकेत फोटो पानभर, 8 × 12 इंच हवाय. छपाईला दहा दिवस आहेत.

पाण्यात भिजवून फोटो सुटतो असं ऐकलंय. तुमच्यापैकी कुणी स्वतः केलंय का? की काचेतूनच प्रतिबिंब न येता फोटो काढायचा, आणि मग उजेड कुठल्या बाजूने ठेवायचा?