सुपरहिरो कॉमिक्स वाचायला कुठून सुरुवात करावी? (आठवीतली मुलगी, सोलापूर)

जुळे_सोलापूरची_आई

नमस्कार. लेकीसाठी सल्ला हवाय. ती आठवीत आहे, सेमी इंग्लिशला. स्पायडरमॅनचे अ‍ॅनिमेशनचे सिनेमे तिने पाठ होईपर्यंत पाहिलेत आणि आता तिला पुस्तक हवंय, हातात धरून वाचायचं. पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे. दोन हजारांपर्यंत खर्च करीन.

एकदा प्रयत्न करून झालाय. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मुखपृष्ठ बघून बॅटमॅनचा सुटा अंक मागवला. पार्सल आलं ते कोपरा दुमडलेलं, आणि अंक निघाला मधलाच कुठला तरी, चौदावा. तिने चार पानं वाचली आणि विचारलं, "आई, हा माणूस कोण? आणि सगळे याच्यावर का चिडलेत?" मला काहीच सांगता आलं नाही. तो अंक तसाच कपाटात पडलाय.

मी स्वतः ध्रुव आणि नागराज या हिंदी कॉमिक्सवर वाढले. माझा दादा एका दिवसाच्या भाड्याने आणायचा. त्याचं वाचून झालं की दुपारी माझ्या हातात, आणि दिवेलागणीच्या आत दुकानात परत. त्यामुळे ती ओढ काय असते ते मला माहीत आहे. पण अमेरिकन कॉमिक्सचा पसारा बघून गोंधळायला होतं. हल्ली नवीन काय चांगलं आलंय, आणि तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात काय द्यावं?

पार्कचौक_कट्टा

ताई, चूक तुमची नाही. ही कॉमिक्स महिन्याला एक अशी निघतात. एका अंकात वीस-बावीस पानांची गोष्ट असते आणि एक कथानक पाच-सहा अंक चालतं. नंतर तेच अंक एकत्र बांधून पुस्तक काढतात, त्याला आम्ही ट्रेड म्हणतो. नव्या वाचकाने नेहमी ट्रेडच घ्यावा, आणि पाठीवर १ आकडा आहे का ते बघूनच घ्यावा.

तरी एक अडचण उरतेच. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा. इतक्या वर्षांचं ओझं घेऊन चाललेल्या गोष्टीत नवा माणूस शिरणार कुठून? म्हणून दोन्ही मोठ्या कंपन्यांनी अलीकडे पाटी कोरी करून वेगळ्या मालिका काढल्या. मार्व्हलने जानेवारी २०२४ मध्ये 'अल्टिमेट स्पायडरमॅन' नव्याने सुरू केलं आणि डीसीने ऑक्टोबर २०२४ पासून 'अ‍ॅब्सोल्यूट' नावाची मालिका आणली. आधीचं काही माहीत नसलं तरी चालतं.

तुमच्या लेकीसाठी माझं पहिलं मत 'अल्टिमेट स्पायडरमॅन'ला. लेखक जोनाथन हिकमन, चित्रं मार्को केकेटो यांची. यातला पीटर पार्कर कॉलेजातला पोरगा नाही. त्याचं लग्न झालंय, दाढी राखलीय, दोन मुलं आहेत. मूळ गोष्टीत मरणारा बेनकाका इथे जिवंत आहे आणि मेकाकू गेलीय. कोळी चावायचा तो त्याला तरुणपणी चावलाच नाही, ते आयुष्य त्याच्यापासून कुणीतरी हिरावून घेतलंय. आता पस्तिशीत त्याच्यासमोर निवड येते, की हे सगळं अंगावर घ्यायचं का? आणि ताई, बापाचं हे गुपित घरात सगळ्यात आधी कळतं ते त्याच्या धाकट्या लेकीला. ती पानं मी बसमध्ये वाचली होती, उतरायचा थांबा मागे राहिला.

पहिल्या ट्रेडमध्ये १ ते ६ अंक आहेत. मारामारी कमी, घर जास्त. जेवणाच्या टेबलावरचं बोलणं हिकमन जितक्या मन लावून लिहितो तितकं मी सुपरहिरोच्या कॉमिक्समध्ये क्वचित वाचलंय.

गड्डा_यात्रेकरू

सगळं बरोबर, पण सध्याचं एक नंबर कॉमिक्स 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' आहे आणि ते सांगितल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये. स्कॉट स्नायडर लिहितो, निक ड्रॅगोटा चित्रं काढतो. यातला ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, श्रीमंत नाही बे! बाप शिक्षक होता, तो गेला. आई जिवंत आहे. ब्रूस स्वतः इंजिनिअर, शहराच्या कामांवर राबणारा. वाडा नाही, नोकर नाही. मूळ गोष्टीतला नोकर आल्फ्रेड इथेही आहे, पण तो आधी त्याच्यावर पाळत ठेवायला आलेला गुप्तहेर आहे. पुढे बॅटमॅनचे शत्रू म्हणून आपल्याला माहीत असलेले बरेचसे इथे त्याचे लहानपणचे दोस्त आहेत.

आणि ड्रॅगोटाने काढलेला तो देह! खांदे पानाच्या चौकटीत मावत नाहीत. छातीवरचं वटवाघूळ उपटलं की कुऱ्हाडीचं पातं होतं, डोक्यावरचे कान काढले की सुरे. पैसा नसलेला माणूस अंगावरच्या प्रत्येक गोष्टीचं हत्यार करतो, हे एका चित्रात समजतं.

पार्कचौक_कट्टा

मलाही तितकंच आवडतं. पण त्याच कुऱ्हाडीने पहिल्याच अंकात हात तुटतो. पुढे रक्तपात वाढतच जातो. आठवीतल्या मुलीला वाढदिवसाला हे देऊ नये. ताई, हे तुम्ही स्वतःसाठी घ्या, ती अकरावीत गेली की तिला द्या.

गड्डा_यात्रेकरू

हे मान्य. वय माझ्या डोक्यातून निसटलं होतं. ताई, त्यांचं ऐका.

पूर्वभाग_यंत्रमाग

मी कधी लिहीत नाही इथे, पण 'अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन'चं नाव कुणी काढलं नाही म्हणून लिहितोय. लेखक जेसन अ‍ॅरन, चित्रकार राफा सांदोवाल, नोव्हेंबर २०२४ पासून सुरू.

आमचे आजोबा गिरणीत बदली कामगार होते. गिरणी बंद पडली, मग वडिलांनी घराच्या मागच्या खोलीत दोन माग टाकले, टॉवेलचे. धोट्याचा आवाज बंद झाला की आम्ही भावंडं झोपेतून जागी व्हायचो, कारण तो बंद पडणं म्हणजे काहीतरी बिघडलंय. त्या घरातला माणूस म्हणून सांगतो, या पुस्तकाने मला धरून ठेवलं.

यात क्रिप्टॉन ग्रहावर माणसं वर्गांत वाटलेली आहेत. सुपरमॅनच्या छातीवरची ती खूण, जी आपण लहानपणापासून शर्टांवर, दप्तरांवर बघतो, ती तिथे कष्टकऱ्यांची खूण आहे. त्याचे आईबाप त्या वर्गातले. ग्रह नष्ट होणार हे त्यांना कळतं, पण अशा माणसांचं ऐकतो कोण? आणि पृथ्वीवर आल्यावर हा पोरगा कुठे दिसतो, तर ब्राझीलमधल्या एका खाणीत, मजुरांमध्ये. एक अवाढव्य कंपनी आहे, तिचे शस्त्रधारी रक्षक आहेत आणि यांच्यामध्ये हा एकटा उभा. त्याच्या मागे उडणारा लाल अंगरखा कापडाचा नाही, धुळीचा आहे. सांदोवालने ती धूळ अशी काढलीय की पान हलवलं तर खाली सांडेल असं वाटतं. कारखान्यात संध्याकाळी उन्हाची तिरीप आली की हवेत कापसाचा भुगा तसाच तरंगताना दिसतो.

तेराव्या वर्षी झेपेल का, तर मला वाटतं झेपेल, पण काळ मागेपुढे जातो. पहिल्यांदा वाचताना कोणीतरी सोबत बसावं.

आत्याची_पेटी

ताई, माझी भाची तुमच्या लेकीएवढीच. मी तिला जे दिलं आणि जे लागू पडलं तेच सांगते. ते नवीन नाहीय, २०१४ चं आहे, पण पहिलं पुस्तक म्हणून याच्या जवळपास जाणारं माझ्या वाचनात दुसरं नाही. 'मिस मार्व्हल', कमला खान. लेखिका जी. विलो विल्सन, चित्रं एड्रियन अल्फोना यांची.

अमेरिकेतल्या जर्सी सिटीत राहणारी सोळा वर्षांची मुलगी, आईबाप पाकिस्तानातून आलेले. गोष्ट उघडते तेव्हा ती कुणाला वाचवत नसते. दुकानात उभी राहून, आपल्या घरात चालत नसलेल्या पदार्थाचा नुसता वास घेत असते. माझी भाची शाकाहारी घरातली. ते पान बघून ती इतकी हसली की मला कळलं, पुस्तक लागू पडलं. पार्टीला जायची परवानगी नाही, मोठा भाऊ सतत उपदेश करतो, वडील मायेने बोलतात पण नाही ते नाहीच. आपल्याकडच्या कुठल्याही मुलीला हे घर ओळखीचं वाटेल.

मग कमलाला शक्ती मिळते. हातपाय हवे तेवढे वाढवता येतात, रूप बदलता येतं. आणि पहिल्याच झटक्यात ती होते तिची लाडकी नायिका, सोनेरी केसांची, उंच. जे व्हायचं होतं ते झालं आणि अंगावरचा पोशाख मात्र बोचतोय, कुठे ओढावा आणि कुठे झाकावा कळत नाहीय! शेवटी ती पोहण्याचा अंगभर कपडा घेते आणि त्याच्यावर स्वतःची खूण रंगवते. मुलींना आरशासमोर उभं राहून जे वाटतं ते या चार-पाच पानांत आहे, आणि एक शब्द उपदेशाचा नाही. पहिल्या ट्रेडला २०१५ साली ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार मिळालाय.

नवीनच हवं असेल तर 'अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन'. लेखिका केली थॉम्पसन, चित्रकार हेडन शर्मन. २०२५ मध्ये उत्कृष्ट नव्या मालिकेचा आयझनर, म्हणजे कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार, यालाच मिळाला. इथली डायना, म्हणजे वंडर वुमन, स्वर्गासारख्या बेटावर वाढत नाही. तान्ह्या वयात तिला नरकात आणून टाकतात आणि सर्सी नावाची चेटकीण तिला वाढवते, आधी नाइलाजाने, मग आईसारखी. डायनाचा घोडा हाडांचा सापळा आहे, तलवार तिच्याहून मोठी, आणि तरीही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मायाळू राहते. चित्रं अंधारी आणि राक्षस भयानक आहेत, तेव्हा आधी तुम्ही वाचा. मी रात्री अकराला उघडलं आणि एका बैठकीत संपवलं.

वेताळप्रेमी

पोरी, मी साठी ओलांडलेला माणूस. आमच्या वेळी इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही यायचं. १९६४ साली ते सुरू झालं ते वेताळानेच, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमने. ली फॉकचा हा नायक १९३६ सालचा, पण आम्हाला तो परका कधी वाटलाच नाही, कारण तो आमच्याशी मराठीत बोलायचा. कवटीची गुहा, बोटातली अंगठी, पिढ्यान्‌पिढ्या बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. नातवाला आजही तोंडी सांगतो.

वर ज्या नव्या पुस्तकांची नावं आली ती मराठीत आलेली माझ्या पाहण्यात नाहीत, आणि याची मला खरोखर खंत आहे. म्हणून एक सुचवतो. तू मुलीशेजारी बस. ती इंग्रजी वाचेल, अडेल तिथे तू मराठीत सांग. आणि तुझा ध्रुवसुद्धा तिच्या हातात दे. १९८७ पासूनचा हा पोरगा, जुपिटर सर्कशीत वाढलेला, अंगात दैवी शक्ती अशी एकही नाही. डोकं, कसरत आणि प्राण्यांची भाषा, एवढ्यावर लढतो. आईने लहानपणी काय वाचलं हे मुलीला कळायला हवं.

भुईकोट_बाजू

खरेदीचं थोडक्यात. ट्रेड मला हजाराच्या आतबाहेर पडतो, म्हणजे दोन हजारांत दोन येतील. खूपच स्वस्त दिसलं तर घेऊ नका. मी एकदा अर्ध्या किमतीत घेतलं, ती नक्कल निघाली. काळा रंग राखाडी, आणि मजकूर शिवणीत गेलेला. पुण्याला कुणी जाणारं असेल तर उत्तम. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं, दुकानात पुस्तक उघडून बघून घ्यायचं, संध्याकाळी परत.

टॅब असेल तर मार्व्हलचं वर्गणीवालं अ‍ॅप आहे. छापील अंकानंतर तीन महिन्यांनी त्यावर येतं. मोबाइलवर वाचायला देऊ नका, चौकट-चौकट करून वाचताना पानाची मांडणी हातातून जाते.

आणि आपला उन्हाळा! गच्चीखालच्या खोलीत मे महिन्यात ट्रेडच्या पाठीचा डिंक वाळतो आणि पानं सुटतात. माझी दोन पुस्तकं अशी गेली. आता मी जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवतो, आडवी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, पावसाळ्यात आत ओल धरते.

जुळे_सोलापूरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून दादाला फोन केला. त्याच्याकडे ध्रुवचे सात अंक अजून आहेत, अक्कलकोट रोडच्या घरी माळ्यावर. रविवारी आणते. 'मिस मार्व्हल' आणि 'अल्टिमेट स्पायडरमॅन', दोन्हींचा पहिला भाग घ्यायचं ठरवलंय. भावजय पुण्याला चाललीय, तिला चिठ्ठी लिहून दिलीय, १ आकडा बघून घे म्हणून.

जुळे_सोलापूरची_आई

वाढदिवस झाला. सांगायचं राहून जाऊ नये म्हणून लिहिते.

कमला एका रात्रीत संपली. सकाळी शाळेच्या गडबडीत एका हातात कडक भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हाताने पान उलटणं चाललेलं. मग तिने शेवटून दुसरं प्रकरण पुन्हा काढून मला दाखवलं आणि म्हणाली, "आई, हिचे बाबा आपल्या बाबांसारखे बोलतात."

स्पायडरमॅन आम्ही दोघी मिळून वाचतोय, रोज रात्री एक अंक. काल बेनकाकाच्या पानावर मी थांबले, तर तिने पुस्तक ओढून घेतलं. ध्रुव तिला हिंदी असल्यामुळे जरा जड जातोय, पण चित्रं बघत बसते.

कपाटातला तो चौदावा अंक तिने आज स्वतःहून काढला आणि विचारलं, याच्या आधीचे तेरा कुठे मिळतील.

भुईकोट_बाजू

मुखपृष्ठावर लेखकाचं नाव आणि साल काय आहे ते लिहा, कुठल्या ट्रेडमध्ये बसतो ते शोधून सांगतो.