मदत हवी आहे: मंडळीच्या (चर्चच्या) वडिलांची, म्हणजे देखरेख करणाऱ्या पुढाऱ्यांची, मुदत किती ठेवावी?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमची मंडळी मिरजेच्या पूर्वेला, जेमतेम ४० घरं. कुठल्या मोठ्या संस्थेला जोडलेली नाही, म्हणून नियमावली आम्हीच लिहायची आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. (अक्षर बरं आहे, एवढीच माझी पात्रता!)

वडील कसा असावा यासाठी बायबलमधलं १ तीमथ्य ३:१-७ आणि तीत १:५-९ समोर ठेवलंय. दारुडा नको, पैशाचा लोभी नको, यावर वाद नाही. अडलंय ते तीताच्या पत्रातल्या मुलांच्या अटीवर, म्हणजे मुलंही विश्वास ठेवणारी हवीत. आमचे एक काका कित्येक वर्षं संडे स्कूल घेतात, पण पुण्याला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा चर्चचं तोंड बघत नाही. एवढ्यावरून काकांना बाद करायचं? मला तरी पटत नाही. ती अट बापाच्या हाताखाली असलेल्या मुलांपुरती असावी.

मुदतीचा आकडा तर शास्त्रात नाहीच. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये वडीलपद परंपरेने आजन्म. अमेरिकेतल्या पीसीयूएसए (प्रेस्बिटेरियन) चर्चमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षं, सलग ६ च्या वर नाही. आम्ही ३ वर्षं ठेवली तर एवढ्या घरांतून दरवेळी नवीन माणसं कुठून आणायची? आजन्म ठेवलं तर खुर्ची सुटत नाही, हे सोसायटीच्या निवडणुकीत बघतोच आपण.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? वडिलांविरुद्ध तक्रार आली तर १ तीमथ्य ५:१९ प्रमाणे दोन-तीन साक्षीदार मागता का? नियमावलीच्या पानाचा फोटो टाकलात तर फार बरं होईल. बैठक येत्या रविवारी उपासनेनंतर आहे.