निपुण भारतच्या नोंदीत ऊसतोडीला गेलेली मुलं कुठे धरायची?

तांड्यावरची शिक्षिका:
बीड जिल्ह्यात तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत मी तिसरीला शिकवते. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्रीय अभियानात तिसरीसाठी ठरलंय ते असं: अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगाने, समजून वाचता यायला हवा आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता यायला हव्यात. देशभरासाठी मुदत २०२६-२७. मला हे उद्दिष्ट मनापासून मान्य आहे. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी पोरं मराठी गोष्ट घडाघडा वाचतात, हे मी वर्गात रोज बघते.

घोडं अडतं नोंदीपाशी. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाच्या गाड्या लागतात. घरी आजी-आजोबा असले तर मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मागे राहतात, नाहीतर आईबापाबरोबर फडावर. परततात मार्च-एप्रिलमध्ये. जाताना जोडाक्षरं वाचणारी मुलगी परत येते ती साध्या शब्दांवर अडखळत. मधल्या काळात चाचणी घेऊन फक्त हजर मुलांची टक्केवारी काढली, तर वर्ग उत्तम दिसतो. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय, नेमकी तीच त्या टक्क्यात नाहीत! तुम्ही कशी नोंद ठेवता?

निवृत्त केंद्रप्रमुख:
ताई, भागाकार पटावरच्या संख्येनेच करा. टक्का घसरला तर घसरू द्या, शेजारी कारण लिहा.

मुदती मी बऱ्याच पाहिल्या. घटनेने १९६० पर्यंत चौदा वर्षांखालच्या सगळ्यांना शिक्षण द्यायचं म्हटलं होतं. सर्व शिक्षा अभियानात सगळ्यांची आठ वर्षं २०१० पर्यंत पूर्ण व्हायची होती. दोन्ही वेळा शाळेतली वर्षं मोजायची होती. आता मुलाला वाचता येतं का, हे विचारलं जातंय, म्हणून ही नोंद खरी राहिली पाहिजे.

साखरपट्ट्यातला गुरुजी (सांगली):
तुमची मुलं आमच्याकडे कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांवर येतात. स्थलांतरित मुलांना दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं शिक्षण हमी कार्ड आणलं तर वर्गात बसवायला सोपं जातं, पण इयत्ता तिसरी एवढ्यावरून मला काही कळत नाही. कार्डासोबत एक चिठ्ठी द्या: शब्द वाचते की परिच्छेद, हातच्याची वजाबाकी येते का. पहिल्याच दिवसापासून तिथून पुढे शिकवता येईल. परत जाताना मीही तशीच चिठ्ठी देईन.

असरची स्वयंसेविका:
असर म्हणजे मुलांना काय वाचता येतं हे तपासणारं सर्वेक्षण. आम्ही घरोघरी जाऊन वाचून घेतो, त्यामुळे शाळेतल्या गैरहजेरीने फरक पडत नाही. पण घरालाच कुलूप असेल तर तिथलं मूल आमच्याही हाती लागत नाही. सरकारी शाळांत तिसरीतली, दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये देशभरात १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के. वाढ मोठी आहे, तरी चारांतल्या तीन मुलांना अजून तेवढं वाचता येत नाही.

तांड्यावरची शिक्षिका:
केंद्रप्रमुख सर, पटावरच्या संख्येनेच काढते. गुरुजी, चिठ्ठीची कल्पना फार आवडली. गाड्या लागायच्या आत प्रत्येकीचं वाचन ऐकून लिहून ठेवते, परतल्यावर पुन्हा ऐकते. दोन्ही तारखा एकाच ओळीत असल्या की कुणाला किती महिने जास्त शिकवायचं, ते लगेच दिसेल. कोणते कारखाने तुमच्या जवळ आहेत, तेवढं कळवा. पालकांना विचारून ठेवते.