'सोशल कॉग्निशन'साठी मराठी शब्द: संज्ञान, पोच की भान?

प्रश्न (सांगली)

मिरजेतील एका मेंदूविकारतज्ज्ञांसाठी मी काही चाचण्यांच्या सूचना मराठीत आणत आहे. विकार आहे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. यात कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा मेंदूचा भाग झिजत जातो, बहुधा 45 ते 65 या वयात सुरुवात होते आणि पुष्कळ रुग्णांत आधी वागणे बदलते. 'सोशल कॉग्निशन'ला, म्हणजे समोरच्याचे मन ओळखून वागण्याच्या समजेला, पाठ्यपुस्तकी प्रतिशब्द 'सामाजिक संज्ञान' असा आहे. तो वापरून एका रुग्णाच्या पत्नीला प्रश्न विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "गणपती मंडळात जातात का, असं विचारताय का?" त्यांच्या दृष्टीने 'सामाजिक' म्हणजे वर्गणी आणि रक्तदान शिबिर. दुसरा कोणता शब्द सुचतो? आणि या विकाराला 'स्मृतिभ्रंश' म्हणावे का?

उत्तर (सातारा)

दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. 'डिमेन्शिया'च्या मूळ लॅटिन शब्दात 'मन' आहे, 'स्मृती' नाही. 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो' हे गीतेतील वचन कानावर असल्यामुळे आपल्याला तो शब्द सहज सुचतो, पण या विकाराच्या वर्तनप्रधान प्रकाराचे 2011 मध्ये ठरलेले निकषच सांगतात की स्मरणशक्ती तुलनेने शाबूत असते आणि संकोच सुटणे, उदासीनता, सहानुभूती आटणे, तेच ते करत राहणे, खाण्याच्या सवयी बदलणे ही लक्षणे पुढे येतात. अशा घरी 'स्मृतिभ्रंश' म्हटले, तर नातेवाईक "त्यांना तर सगळं आठवतं" असे म्हणून कागद बाजूला ठेवतील. इंग्रजी नावच ठेवावे.

उत्तर (कराड)

पहिल्या प्रश्नासाठी 'पोच' हा शब्द माझ्या मते अगदी तयार आहे. पोच म्हणजे पोहोचल्याची पावती आणि पोच म्हणजे आवाका. समोरच्याच्या मनापर्यंत आपली समज जाते की नाही, हेच तर या चाचण्या पाहतात. 'मुलाहिजा' आणि 'भीड' हे शब्द जवळचे असले, तरी त्यांत दुसऱ्याचा मान किंवा दबाव गृहीत आहे. 'तारतम्य' अर्थाने चांगला आहे (संस्कृतातील तर आणि तम या तुलनेच्या प्रत्ययांपासून तो झाला), पण तो भाव ताडण्यापेक्षा निवाड्याकडे झुकतो.

उत्तर (विटा)

'पोच' अर्थाला बरोबर आहे, पण तो रुग्णाच्या घरी उच्चारू नये, असे मला वाटते. त्या शब्दाचे क्रियापद पाहावे: पोच असते किंवा नसते. "त्याला पोच नाही" हे वाक्य आपल्याकडे संस्कारांवर, म्हणजे पर्यायाने आईबापांवर बोट ठेवते, आणि ज्या बाईंनी तेराव्याच्या पंगतीत नवरा मोठमोठ्याने हसल्याबद्दल भावकीची बोलणी खाल्ली आहेत, त्यांना ते पुन्हा ऐकवण्यात अर्थ नाही. भान मात्र राहते, सुटते, हरपते. म्हणजे आधी होते आणि मग गेले, हे क्रियापदातच येते, आणि या विकारात नेमके तेच घडते. नुसते 'भान' म्हटले तर बेशुद्धी किंवा फिट असा समज होईल, म्हणून 'माणसांत वावरण्याचे भान' असे लिहावे.

याहून नाजूक जागा 'फॉ पा' चाचणीत आहे. तिच्या 20 गोष्टींपैकी 10 मध्ये कोणीतरी नकळत दुखावणारे बोलून जाते. अशी गोष्ट समजा: पाहुण्या बाई कंदी पेढा खाऊन म्हणतात, "पुन्हा त्या दुकानात जाऊ नका," आणि पेढे सासूबाईंनी घरी केलेले असतात. येथे "कोणी चुकीचे बोलले का?" असे विचारले, तर रुग्ण पेढे दुकानातले नव्हते हीच चूक दाखवील आणि त्याला गुण मिळून जातील. सासूबाईंना काय वाटले, हे त्याला कळले की नाही, ते तपासायचे राहूनच जाईल. 'टोमणा' आणि 'आगाऊपणा' हे शब्दही बाद, कारण त्यांत बोलणाऱ्याचा हेतू आधीच सांगून टाकला जातो, आणि हेतू होता का हे तर रुग्णानेच सांगायचे असते.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. हीच अडचण चेहऱ्यांच्या चाचणीतही आली. मानसशास्त्रज्ञ एकमन यांच्या छायाचित्रांवर बेतलेल्या त्या चाचणीत 60 चेहरे आणि 6 भावना असतात. आमच्या जुन्या मसुद्यात 'डिस्गस्ट'साठी 'तिरस्कार' होते, आणि आमच्याच घरातली धडधाकट माणसे त्या चेहऱ्यांना 'राग' म्हणत होती. आता 'किळस' केले आहे. सामाजिक रूढींची प्रश्नावली मात्र शब्द बदलून भागणार नाही. हाताने काय खावे, असले अमेरिकी प्रश्न भाकरी-आमटीच्या ताटापुढे निरर्थक आहेत आणि अनोळखी माणसाला "पगार किती?" असे विचारणे हा एस. टी.त बेभानपणा ठरत नाही.

पेढ्यांच्या गोष्टीखाली "कोणी बोलू नये ते बोलले का?" असा प्रश्न घालत आहे. चालेल का?

उत्तर (विटा)

चालणार नाही. 'बोलू नये ते' म्हटले की आपल्याकडे शिवी किंवा अश्लील बोलणे अभिप्रेत असते, आणि रुग्ण गोष्टीत शिवी नाही म्हणून 'नाही' असे उत्तर देईल. "कोणी बोलायला नको होतं असं काही बोलून गेलं का?" असे विचारावे. 'बोलून गेलं' मधले 'गेलं' गाळू नये, नकळतपणा त्यातच आहे. मात्र ते शब्द 20 ही गोष्टींखाली तेच राहू द्यावेत, म्हणजे ते निरुपद्रवी गोष्टींखालीही येतील आणि उत्तर फुटणार नाही.