आउटर बँक्स : हायवे १२ वर पत्ता कसा शोधायचा?

मुक्काम_केरी : नमस्कार मंडळी. आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे केरीला आलेत. त्यांना आउटर बँक्सला, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या लांबट बेटांवर न्यायचंय. बाबांना राइट बंधूंनी १९०३ साली विमान उडवलं ती जागा बघायचीय, आईला हॅटरसचं दीपगृह. किल डेव्हिल हिल्सला मोटेल घेतलंय, पण पत्ता म्हणून 'बीच रोड, माइलपोस्ट साडेआठ' एवढंच कळवलंय. हे काय प्रकरण आहे? आणि एका दिवसात हॅटरसच्या पुढचं ओक्राकोक बेट करून परत येता येईल का?

पुळणवेडा : ताई, मी बारा वर्षं दर ऑक्टोबरात तिकडे गळ टाकायला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

केरीहून ६४ नंबरच्या रस्त्याने रोअनोक बेट ओलांडलं की व्हेलबोन जंक्शन येतं. डावीकडे नॅग्स हेड, किल डेव्हिल हिल्स, उजवीकडे हॅटरस. डावीकडे वळलात की दोन समांतर रस्ते लागतील : रुंद तो बायपास, समुद्राला लागून तो बीच रोड, म्हणजेच हायवे १२. मैल उत्तरेकडून, किटी हॉकच्या पुलापासून मोजतात. व्हेलबोनला आकडा सोळाच्या आसपास असतो, तिथून तो उतरत जाईल. आठ आणि नऊच्या मध्ये तुमचं मोटेल. तिकडे दुकानदारसुद्धा पत्ता असाच सांगतात.

दक्षिणेला जाताना चुकायला वळणंच नाहीत. समुद्र डाव्या हाताला, पॅम्लिको साउंड, म्हणजे बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधलं खाडीसारखं पाणी, उजव्या हाताला. ओरेगन इनलेटचा, म्हणजे समुद्र साउंडला मिळतो त्या मुखावरचा, उंच पूल, मग पी आयलंडचा निर्मनुष्य पट्टा. रोडॅन्थीच्या अलीकडे रस्ता एकदम साउंडच्या पाण्यावर जातो, घाबरू नका. जुन्या रस्त्यावर लाटा येऊन तो सारखा बंद पडायचा, म्हणून २०२२ साली हा अडीचेक मैलांचा पूल सुरू झाला. दीपगृह बक्स्टनला आहे. समुद्र पायाशी आला म्हणून १९९९ मध्ये ते अख्खं उचलून २,९०० फूट आत नेलं. बाबांना सांगा, इंजिनियर माणसाने हे बघायलाच हवं.

कळकळीने एक सांगतो : फोटोसाठी गाडी रस्त्याच्या कडेला उतरवू नका. कडेची वाळू वरून टणक दिसते. पी आयलंडजवळ माझं उजवं पुढचं चाक असंच खाली गेलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तसं आणखी रुतलं, वाळू पार दाराच्या कडेपर्यंत. बायको हातांनी उकरत होती. शेवटी एका स्थानिक मच्छीमाराने पिकअपला पट्टा बांधून ओढून काढलं. पैसे घेतले नाहीत. पार्किंगच्या आखलेल्या जागा आहेत, तिथेच थांबा.

मुक्काम_केरी : खूप आभार, दादा! बाबा खरंच इंजिनियर आहेत. ओक्राकोकचं काय करू?

पुळणवेडा : होईल, पण आई-बाबांना दगदग होईल. व्हेलबोनपासून हॅटरसचा धक्का साठेक मैल. पुढे गाडीसकट फेरी, फुकट आहे, साधारण तासाभराची. पण आरक्षण नाही, रांगेत लागायचं. उतरल्यावर गाव बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आणखी बारा-तेरा मैल. मी तुमच्या जागी असतो तर एक रात्र हॅटरस गावात काढली असती.

साउंडकाठी : निघायच्या दिवशी सकाळी रस्ता चालू आहे ना, हे राज्याच्या वाहतूक खात्याच्या साइटवर बघाच. ईशान्येचा वारा दोन दिवस धरून बसला की वादळ नसतानाही भरतीचं पाणी रस्त्यावर येतं. पाणी दिसलं तर गाडी घालू नका, ओहोटीपर्यंत थांबा. आणि परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, मीठ पत्रा खातं.